केंब्रिजचं पोलादी कपाट

१९४९ सालचा जून महिना. केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेचा पस्तिशीतला संचालक मॉरिस विल्क्स हातात कागदी फितीची गुंडाळी घेऊन जिन्यानं खालीवर करत होता. सर्वांत वरच्या मजल्यावर नवाकोरा संगणक ‘एडसॅक’, आणि फितीला भोकं पाडायची यंत्रं एक मजला खाली. वर फीत चालवायची, चूक निघाली की खाली यायचं, नवी भोकं पाडायची, पुन्हा वर. विल्क्सनं लिहायला घेतलेला प्रोग्रॅम काही अवाढव्य नव्हता. ‘एअरी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका विकलक समीकरणाची उत्तरं काढायची होती आणि आज्ञा होत्या सव्वाशेच्या आसपास. चुका मात्र वीसेक निघाल्या. या फेऱ्यांमध्ये एकदा जिन्याच्या वळणावर आपण थबकलो, असं त्यानं पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे त्याला तिथे एकदम उमगलं.

यंत्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ६ मे १९४९ रोजी एडसॅकनं पहिला प्रोग्रॅम चालवून शून्य ते नव्व्याण्णव या आकड्यांचे वर्ग छापून दिले होते. सुमारे तीन हजार व्हॉल्व्हचं हे धूड शरीररचनाशास्त्र विभागाच्या जुन्या इमारतीत उभं होतं. पाऱ्यानं भरलेल्या लांब नळ्यांमध्ये ध्वनीच्या लहरी फिरत राहायच्या आणि त्या लहरी म्हणजेच त्याची स्मृती. सुरुवातीला या स्मृतीत जागा होत्या ५१२. एका जागेत एक आज्ञा किंवा एक छोटा आकडा. प्रोग्रॅम, त्याला लागणारे आकडे आणि मधली आकडेमोड, सगळं या ५१२ खणांत बसवायचं.

विल्क्स इथवर पोहोचला त्यामागे कोष्टकांच्या जगातला एक माणूस होता. मूळचा न्यूझीलंडचा लेस्ली कॉम्री हा गणिती कोष्टकं तयार करण्यातला नाणावलेला जाणकार. १९४६ च्या मे महिन्यात अमेरिकेहून परतलेला कॉम्री केंब्रिजला आला तेव्हा त्याच्याजवळ जॉन फॉन नॉयमननं संगणकाच्या रचनेवर लिहिलेल्या टिपणाची एक प्रत होती. ती विल्क्सला एका रात्रीपुरती मिळाली. फोटोकॉपीचं यंत्र नव्हतं, म्हणून रात्र जागून त्यानं ती वाचून काढली. त्याच उन्हाळ्यात तो फिलाडेल्फियाला व्याख्यानांना गेला आणि परतीच्या बोटीवर आपल्या यंत्राचा आराखडा आखू लागला.

कॉम्रीचं नाव इथे घ्यायला आणखी एक कारण आहे. गणितात तयार काम वापरण्याची रीत तेव्हा नवी नव्हती. लॉगचं पुस्तक उघडणारा विद्यार्थी त्यातला आकडा कुणी, कसा काढला ते विचारत नाही. विश्वासानं उचलतो आणि पुढे जातो. पण ५१२ खणांच्या यंत्रात कोष्टक ठेवायचं कुठे? साइनची चार पानं भरली की स्मृती संपली. मग उत्तरांऐवजी उत्तर काढायची रीतच साठवायची. पंचवीस-तीस आज्ञांचा एक तुकडा असा लिहायचा की कोन दिला की साइन मिळावी. असा तुकडा एकदा बिनचूक लिहून ठेवला तर पुढच्या माणसाला तो पुन्हा लिहावा लागणार नाही, आणि त्यातल्या वीस चुकाही पुन्हा कराव्या लागणार नाहीत. या तुकड्यांना नाव मिळालं सबरूटीन.

ही कल्पना एकट्या केंब्रिजची नव्हती. ॲलन ट्युरिंगनं १९४५ च्या आपल्या आराखड्यात मुख्य काम बाजूला ठेवून दुय्यम काम करून येण्याची सोय मांडली होती. कुठे थांबलो ती खूण ‘पुरून’ ठेवायची आणि परत येताना ‘उकरून’ काढायची, असे त्याचे शब्द होते. अमेरिकेत हर्मन गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४८ साली तयार तुकडे एकत्र जोडण्यावर अख्खा अहवाल लिहिला. पण ट्युरिंगचं यंत्र तोवर उभं राहिलं नव्हतं आणि गोल्डस्टाइन-फॉन नॉयमन यांचंही. केंब्रिजकडे यंत्र होतं, ते रोज चालत होतं, आणि दाराशी आपापली गणितं घेऊन माणसं येऊ लागली होती.

विल्क्सनं हे काम सोपवलं ते डेव्हिड व्हीलर या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याकडे. त्याच्यापुढे अडचणी दोन होत्या, आणि दोन्ही पत्त्यांच्या.

पहिली अडचण मुक्कामाची. यंत्राच्या प्रत्येक आज्ञेत खणाचा क्रमांक असतो: अमुक खणातला आकडा मिळव, तमुक खणातल्या आज्ञेकडे जा. समजा, साइनचा तुकडा खण २०० पासून बसेल असं धरून लिहिला. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये तो ३५० पासून बसवायची वेळ आली, तर आतल्या साऱ्या क्रमांकांमध्ये दीडशे मिळवत बसायचं. इतर ठिकाणी माणसं हेच करत होती. अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क वन यंत्रावर काम केलेल्या ग्रेस हॉपरबाईंनी याच्या आठवणी पुढे रंगवून सांगितल्या आहेत. सगळे जण एकमेकांच्या वह्यांतून तयार तुकडे उतरवून घ्यायचे. उतरवताना चारचा आकडा कधी त्रिकोणासारखा व्हायचा, त्रिकोण ही तर रिकाम्या जागेची खूण. इंग्रजी ‘बी’चे तेरा व्हायचे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना धड बेरीज करता येत नाही आणि धड नक्कलही, असा बाईंचा निष्कर्ष होता.

व्हीलरनं बेरीज यंत्राच्याच गळ्यात घातली. एडसॅक सुरू करताना फीत वाचायची कशी, हे यंत्राला सांगणाऱ्या काही मूळ आज्ञा आधी आत भराव्या लागत. त्या तेव्हाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तसल्या फिरत्या स्विचांवर कायमच्या तारांनी जोडून ठेवलेल्या होत्या. मे १९४९ मधला त्यांचा पहिला संच ३१ आज्ञांचा. सप्टेंबरात व्हीलरनं तो नव्यानं लिहिला तो ४१ आज्ञांचा. वाढलेल्या दहा आज्ञांत त्यानं मोठं काम साधलं. आता प्रत्येक आज्ञेच्या शेवटी एक अक्षर असे. ‘एफ’ असेल तर क्रमांक आहे तसा घ्यायचा. ग्रीक ‘थीटा’ असेल, तर हा तुकडा जिथून सुरू झाला तो क्रमांक त्यात मिळवायचा. तुकड्याच्या फितीच्या तोंडाशी ‘जीके’ ही दोन अक्षरं भोकांत पाडलेली असत. यंत्रानं ती वाचली की तेव्हा जो खण चालू असेल, तिथून पुढचा थीटा मोजायचा. आता २०० वर बसवा की ३५० वर, तुकड्याला फरक पडत नव्हता. लिहिणाऱ्यानं आपलं पान शून्यापासून मोजायचं, बाकीचं वाचता वाचता यंत्र करेल.

दुसरी अडचण परतीची. मुख्य प्रोग्रॅमनं साइनच्या तुकड्याकडे उडी मारली. तुकड्यानं काम केलं. आता परत कुठे जायचं? एकाच प्रोग्रॅममध्ये साइन पाच ठिकाणी लागली तर परतीचे पत्ते पाच. आजचे संगणक परतीचा पत्ता आपणहून लक्षात ठेवतात. एडसॅकमध्ये तशी सोयच नव्हती. व्हीलरनं ती दोन ओळींत निर्माण केली. जुन्या मासिकांना कथा पाठवणाऱ्यांना ही युक्ती चटकन समजेल. लेखासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडा, म्हणजे नापसंत साहित्य ‘साभार परत’ करता येईल, अशी सूचना संपादक छापत असत. व्हीलरची युक्ती अशा पाकिटाचीच.

समजा, खण १०० मध्ये आज्ञा आहे: ‘खण १०० मधलं जे काही असेल ते बेरजेच्या खात्यात घे.’ आता खण १०० मध्ये काय आहे? हीच आज्ञा! म्हणजे आज्ञेनं स्वतःलाच उचलून खात्यात टाकलं. पुढे खण १०१ मध्ये: ‘खात्यातला आकडा ऋण असेल तर २०० कडे जा.’ बेरजेच्या आज्ञेचं सांकेतिक अक्षर आकडा म्हणून वाचलं तर ऋण निघतं, त्यामुळे उडी हमखास बसायची. तुकडा २०० वर जागा होतो तेव्हा खात्यात पाहुण्याचा पत्ता हजर असतो, ‘मी १०० वरून आलो’. तुकड्याची पहिली आज्ञा त्यात एक ठरावीक आकडा मिळवते. हा आकडा खण ३ मध्ये कायम ठेवलेला असे. ती बेरीज झाली की त्या जुन्या आज्ञेची नवी आज्ञा बनते: ‘१०२ कडे जा.’ दुसरी आज्ञा ती उचलून तुकड्याच्या शेवटच्या, मोकळ्या ठेवलेल्या खणात नेऊन ठेवते. मग काम सुरू. काम संपता संपता यंत्र त्या शेवटच्या खणाशी पोहोचतं, तिथे आत्ताच लिहिलेला पत्ता वाचतं आणि बरोबर १०२ वर परततं. दुसऱ्या वेळी ३०० वरून कुणी आलं तर पाकिटावर ३०२. प्रोग्रॅम चालता चालता स्वतःची शेवटची ओळ लिहून घेत होता. या उडीला पुढे ‘व्हीलर जंप’ असंच नाव पडलं.

पत्ते सुटले आणि कपाट भरू लागलं. प्रयोगशाळेत एक पोलादी कपाट होतं, खणाखणांचं. प्रत्येक खणात एका सबरूटीनची कागदी फीत, गुंडाळून ठेवलेली. १९५१ पर्यंत अशा ८७ सबरूटीन वापरासाठी तयार होत्या. विभागांना अक्षरं दिली होती. ‘डी’ म्हणजे भागाकार, कारण एडसॅकला मुळात भागाकार येतच नव्हता. ‘टी’ म्हणजे त्रिकोणमिती, ‘एल’ म्हणजे लॉगरिदम, ‘एस’ म्हणजे मुळं काढणं, ‘पी’ म्हणजे छपाई, ‘आर’ म्हणजे आकडे वाचून घेणं. ‘जी’ विभागात विकलक समीकरणं होती. तिथे स्टॅनले गिलचं काम होतं. समीकरणं पायरीपायरीनं सोडवण्याची रुंगे-कुट्टा यांची जुनी रीत त्यानं अशी बेतली की खण कमी लागावेत आणि आकडे तोडताना होणारी चूकही साचू नये. ‘रुंगे-कुट्टा-गिल’ हे नाव पाठ्यपुस्तकांत त्यामुळेच आलं. ‘सी’ विभाग चुका शोधणाऱ्या सबरूटीनचा. त्यातल्या काही, प्रोग्रॅमची प्रत्येक आज्ञा चालवता चालवता तिचं अक्षर छापत जायच्या, म्हणजे गाडी रुळावरून कुठे घसरली ते कागदावर दिसायचं. जिन्याच्या वळणावरच्या त्या उमगण्याला कपाटानं दिलेलं हे उत्तर.

एखादा संशोधक आपलं गणित घेऊन आला की काय करायचा? आधी यादी चाळायची. साइन लागणार, छपाई लागणार, वर्गमूळ लागणार. कपाटातून त्या तीन फिती काढायच्या. मूळ फितीला कात्री लावायची नाही. नक्कल करणाऱ्या यंत्रातून आपल्या फितीवर त्यांची भोकं उतरवून घ्यायची. डोळ्यांनी वाचून हातानं उतरवायचं नसल्यानं बीचे तेरा होण्याचा प्रश्न मिटला. मग मूळ फिती कपाटात परत, आणि आपल्या कामापुरत्या आज्ञा स्वतः पाडायच्या. फीत उजेडाकडे धरून भोकं वाचण्याची सवय या मंडळींना लवकरच झाली. तयार फीत यंत्राजवळ ताणलेल्या दोरीवर अडकवून द्यायची. वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या फितींची रांग तिथे लटकत असे. दिवसा यंत्र सांभाळणारे ऑपरेटर एकेक फीत उतरवून चालवत. छापील उत्तर निघालं तर फितीसह परत मिळे. नाहीतर यंत्र कितव्या खणाशी थांबलं एवढाच निरोप.

या दोरीवर फिती लटकवणारे सगळे गणिती नव्हते, आणि कपाटाची खरी किमया तीच होती. आनुवंशशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचं जनुकांच्या प्रसाराचं एक समीकरण १९५० मध्ये एडसॅकनं सोडवून दिलं. मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना शोधणारा जॉन केंड्र्यू आपली क्ष-किरणांची मोजमापं घेऊन यंत्राकडे आला. पुढे १९६२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. असल्या माणसाला परतीचा पत्ता कसा बनतो याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला फक्त एवढं कळायला हवं होतं की इथे आकडा ठेवला तर तिथे उत्तर मिळेल.

आणि नेमकं तेच सांगणं सर्वांत अवघड निघालं. सप्टेंबर १९५० मध्ये प्रयोगशाळेनं कपाटाच्या वापरावर टंकलिखित अहवाल काढला. पुढच्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या नावानं तो अमेरिकेत पुस्तकरूपात निघाला. प्रोग्रॅमिंगवरचं हे पहिलं पाठ्यपुस्तक. त्याचा मोठा भाग म्हणजे सबरूटीनची ओळखपत्रं. खण किती लागतील, वेळ किती लागेल, आकडा कुठे ठेवायचा, उत्तर कुठे सापडेल. आणि मर्यादा काय. एडसॅकचे आकडे उणे एक ते एक यांच्या दरम्यानचे. त्याबाहेर गेलं की उत्तराला अर्थ नाही, म्हणून कोणत्या आकड्यापर्यंत हा तुकडा भरवशाचा आहे हे लिहिणं भाग होतं.

मे १९५२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला संगणकतज्ज्ञांची बैठक भरली. व्हीलरनं तिथे सबरूटीनवर दोन पानांचा निबंध मांडला. त्यातला एक मुद्दा सत्तर वर्षांनंतरही कुठल्याही ऑफिसात खरा ठरावा. तुकडा चालता करणं आणि तो लायब्ररीत ठेवण्याजोगा करणं यांत बरंच अंतर आहे, असं तो म्हणतो. आणि तोही झाला, तपासून झाला, तरी त्याचं वर्णन लिहायचं राहतं. आतलं काही ठाऊक नसलेल्या माणसाला तो सहज वापरता आला पाहिजे, आणि हे लिहिणंच बहुधा सर्वांत कठीण. ज्यानं दोन ओळींत परतीचं पाकीट बनवलं त्या माणसाचं हे म्हणणं आहे.

त्याच बैठकीत हॉपरबाईही बोलल्या. त्यांनी कपाटाचा पुढचा टप्पा गाठला होता. युनिव्हॅक यंत्रासाठी त्यांनी गोळा केलेल्या सबरूटीन चुंबकीय फितीवर होत्या आणि प्रत्येकीला क्रमांक होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं नुसते क्रमांक द्यायचे. कपाट उघडणं, फीत काढणं, उतरवणं, जोडणं हे सगळं यंत्र करणार. या जुळवणीच्या प्रोग्रॅमला त्यांनी ‘कंपायलर’ म्हटलं, म्हणजे संकलन करणारा. आज त्या शब्दाचा अर्थ बराच बदलला, पण मूळ काम ग्रंथपालाचंच होतं. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचे ग्राहक ‘शेअर’ नावाची संघटना काढून एकमेकांत सबरूटीन वाटू लागले. १९५८ मध्ये फोरट्रानच्या दुसऱ्या आवृत्तीत सबरूटीन हा भाषेचाच भाग झाला. त्याच वर्षी जुलैत एडसॅक कायमचा बंद करण्यात आला. कपाटाची कल्पना तोवर घरोघर पोहोचली होती.

मात्र कपाटं वाढली तसं ओळखपत्राचं महत्त्व कमी न होता वाढलं. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथल्या परिषदेत बेल लॅब्जच्या डग्लस मॅक्इलरॉयनं तक्रार मांडली की सॉफ्टवेअरचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, जो तो आपले घरीच घडवतो. त्यानं उदाहरण घेतलं ते साइनचंच. किती अचूक हवी, कोन कोणत्या टापूतला, चुकीच्या आकड्यापासून संरक्षण किती, हे सगळे पर्याय गुणले तर नुसत्या साइनच्या सबरूटीन शेकड्यांत जातात. कारखान्यानं त्या साऱ्या यादीवार ठेवाव्यात, आणि घेणाऱ्यानं आत न डोकावता निर्धास्त उचलाव्यात, ही त्याची अपेक्षा.

न डोकावता उचलण्याची किंमत २८ वर्षांनी कळली. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून युरोपचं नवं एरियन-५ रॉकेट निघालं आणि मिनिटभराच्या आत आकाशात फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन-४ वरून घेतलं होतं, तिथे ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं होतं. त्यातला एक तुकडा आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या खणात बसवत असे. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो आकडा कायम लहानच राहायचा, म्हणून तिथे राखणदार नेमलेला नव्हता. नव्या रॉकेटचा वेग वेगळा. आकडा खणात मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर होतं, तीही त्याच कारणानं आधीच पडली होती. त्यावर कडी म्हणजे उड्डाणानंतर एरियन-५ ला त्या तुकड्याची गरजच नव्हती.

चौकशी समितीला आढळलं ते असं: हा आकडा मोकळा सोडायचा निर्णय जाणूनबुजून, सर्वसंमतीनं झाला होता. पण का, ते प्रोग्रॅमच्या ओळींत लिहिलेलं नव्हतं, आणि कागदपत्रांच्या ढिगात ते बाहेरच्या नजरेला दिसण्यासारखं राहिलं नव्हतं. तुकडा खणखणीत होता, अचूक होता, तपासलेला होता. हरवली होती ती फक्त ओळखपत्रावरची शेवटची ओळ: हा आकडा एवढ्याच मर्यादेत भरवशाचा.

केंब्रिजच्या कपाटातल्या फितीजवळ ती ओळ असायची. लिहिणारा एका मजल्यावर बसायचा, वापरणारा दोरीपाशी उभा असायचा, तरीही ती लिहिलेली असायची.